उलकानचा पाऊण तास

बाजाराच्या मागच्या अंगाला जुने लोखंडी कंटेनर ओळीने मांडून दुकानं केली आहेत. त्यातलं डावीकडून सहावं उलकानचं. एका बाजूला खोगीरवाला, दुसऱ्या बाजूला चिनी चपला विकणारी बाई, आणि मध्ये ही, कपाळावर दिवा बांधून कुणाच्या तरी कॉम्प्युटरच्या पोटात डोकं घालून बसलेली. दारावर पाटी नाही. ज्याचं मशीन बंद पडतं तो विचारत विचारत येतो, असं तिचं म्हणणं, आणि लोक यायचेही. आल्या माणसाला ती आधी चहा ओतायची आणि मग विचारायची, "कुणी हात लावलाय?" कुणीच नाही, असं सांगणाऱ्याकडे ती चष्म्यावरून नुसती बघत राहायची. दुसरा घोट घेईपर्यंत तो मेहुण्याचं नाव सांगून मोकळा व्हायचा.

उलकान अठ्ठावन्न वर्षांची. रशियासकट सगळा देश अजून एकच मोठा होता तेव्हा ती राजधानीतल्या गणकयंत्रांच्या कारखान्यात सोल्डरिंगच्या बाकावर बसायची. पांढरा डगला, केसांवर पांढरा रुमाल, तीस बायका एका ओळीत, आणि बोलायला बंदी. हाताने घाई केली की बाकावरून उठवत. लेक चिनारा पोटात असताना देश मोडला, कारखाना मोडला, आणि दोन वर्षांनी नवराही रशियात कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. मग तिने मोजे विकले, बटाटे विकले, आणि एक दिवस कुणीतरी फेकून दिलेला रेडिओ उघडून बसली. तिथून पुढचं सगळं आयुष्य त्या लोखंडी डब्यात. हात मात्र कारखान्यातलेच राहिले. हळू चालणारे, कोरडे, न थरथरणारे. एजे म्हणजे आमच्याकडची ताई. सगळा बाजार तिला एजे म्हणायचा, तिच्यापेक्षा वयाने मोठे पुरुषसुद्धा. उलकान एजेकडे मशीन दिलं की मिळतं नक्की, फक्त कधी ते विचारू नये, असं लोक म्हणायचे आणि हसायचे. ती हसायची नाही. घाई करणाऱ्या माणसाचा तिला मनापासून राग होता.

त्या वर्षी जुलैच्या शेवटी उन्हाने कहर केला. सहा दिवस डोंगरावरसुद्धा गारवा नव्हता. असं ऊन पडलं की आमच्याकडची माणसं आकाशाकडे बघत नाहीत, ओढ्याकडे बघतात. सारी-तेरेक गावाच्या ओढ्याला चहाचा रंग आला होता. वर, हिमनदीच्या पोटाशी, तुयुक नावाचं तळं आहे. त्याला अडवून धरलेला बांध कुणी बांधलेला नाही. दगडगोटे, चिखल आणि जुनं बर्फ एकमेकांना धरून कसेबसे उभे आहेत. बर्फ वितळलं की तळं चढतं, आणि फार चढलं की काय होतं ते गावातल्या म्हाताऱ्यांनी एकदा पाहिलेलं आहे. त्याबद्दल ते बोलत नाहीत.

सातव्या दिवशी सकाळी जिल्ह्याच्या पूर-कचेरीतला माणूस उलकानच्या दारात येऊन उभा राहिला. चहा नको म्हणाला, त्यावरूनच तिने काय ते ओळखलं.

"एजे, वरच्या चौकीतलं मशीन तीन दिवस चालू होत नाहीये."

"तीन दिवस? आणि आज सांगताय?"

"चौकीवरचे शार्शेन बाइके म्हणाले, मी करतो. मग म्हणाले, होत नाही. जीप उभी आहे. स्पिरिट वगैरे काही आणू नकोस, चौकीत पाच लिटरचा डबा आहे. तू फक्त हात घेऊन चल."

त्या मशीनचं काम सारा जिल्हा जाणत होता. तळ्यातली पट्टी दर पाच मिनिटांनी पाण्याची उंची वायरलेसवर चौकीला पाठवते. चौकीतला कॉम्प्युटर ती वाचतो आणि आकडा भलता झाला की खाली सारी-तेरेकमध्ये भोंगा वाजवतो. कॉम्प्युटर नाही तर भोंगा नाही. खिंडीच्या तोंडाशी सत्तर घरं आहेत, आणि वरच्या आळीत, ओढ्यापासून दुसऱ्या घरात, उलकानची चिनारा सासू-सासऱ्यांजवळ नांदत होती, नवरा बाहेरगावी कामाला. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला मुलगी झाली होती. बाळंतपणाचा तो तेहेतिसावा दिवस होता.

वर जाताना उलकानने जीप लेकीच्या दारात थांबवली. विहीणबाई, साकीन आपा, अंगणात लोकर पिंजत बसल्या होत्या. उंच, हाडकुळी, तोंडाने फटकळ बाई. चिनारा दाराच्या आत, उंबऱ्यापासून हातभर मागे, बाळ घेऊन उभी होती.

"साकीन आपा, चिनाराला आणि बाळाला चार दिवस माझ्याकडे पाठवा," उलकान उभ्या उभ्याच म्हणाली. "ऊन उतरलं की आणून सोडते."

"तेहेतीस झालेत. चाळीस झाल्याशिवाय बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. चाळिसाव्या दिवशी चाळीस चमचे पाण्याने बाळाला न्हाऊ घालू, मग न्या खुशाल."

"वरचं मशीन बंद आहे आपा. भोंगा वाजणार नाही."

"मग तुम्ही कशाला निघालात? दुरुस्त करायलाच ना? करा की. सगळा जिल्हा म्हणतो विहीणबाईंच्या हाताला यश आहे." साकीन आपांनी पिंजलेली लोकर झटकली. "नऊ वर्षं मी पीर-दर्गे पालथे घातलेत या पोरीसाठी. वाऱ्याला लावू म्हणता तिला? भोंगा वाजला तर मी स्वतः बाहेर काढीन. नुसत्या भीतीने नाही."

उलकानला राग आला, पण बोलायला तोंड नव्हतं. चिनाराच्या वेळी, राजधानीत, पाचव्या मजल्यावर, तिने स्वतः हेच चाळीस दिवस पाळले होते. त्यानंतर लेकीला फोनवर रोज बजावणारीही तीच होती, की बाहेर पाऊल टाकू नकोस म्हणून. तिने दारातूनच बाळाच्या पायाला हात लावला. पाय गरम होता.

"जा आई," चिनारा म्हणाली. "लवकर कर."

जीप हाकणारा तिलेक तिला चौकीपाशी सोडून लगेच वळला. वरच्या कुरणातून लोक आणि गवत खाली न्यायचं होतं त्याला, चार वाजता परत येतो म्हणाला. चौकी खिंडीच्या कडेला, डोंगराच्या उंच खांद्यावर आहे. दोन खोल्या, छपरावर सूर्याच्या पाट्या, खाली दोनशे हात खोल ओढा. मोबाईल तिथे लागत नाही. ओढ्याचा आवाज मात्र इतका भरून असतो, की थोड्या वेळाने तो ऐकू येईनासा होतो.

शार्शेन बाइके, म्हणजे शार्शेनदादा, दारात उभे होते. सत्तरीचे, तीस वर्षं त्याच चौकीवर काढलेले, मनाने भले. त्यांनी आधी टेबलावर रोटी, साय आणि जर्दाळूचा मुरंबा मांडला. रोटीवर बोटभर जाड साय थापून तिच्या हातात दिली. उलकानने एक घास खाल्ला, कारण न खाणं बरं दिसलं नसतं, आणि विचारलं, "कुणी हात लावलाय?"

"मीच," शार्शेन म्हणाले. "तापून तापून बंद पडायचं. कचेरीने पेस्टची नळी पाठवली, म्हणाले पंख्याखाली लावा. मी लावली."

"किती?"

"आता कशाला कंजुषी करू? पातळ लावली तर बरं दिसतं का?" म्हातारा अगदी निरागसपणे म्हणाला. "साय लावतो तशी लावली. सगळी नळी."

उलकानने डोळे मिटले. पाहुण्याच्या रोटीवर साय पातळ लावणं म्हणजे त्याचा अपमान करणं, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही कळतं. आणि इथे, जगात हे एकच ठिकाण असेल, जिथे माणसाने कंजूष असायला हवं. प्रोसेसर म्हणजे काड्यापेटीएवढा चपटा चौकोन. तो तापतो, म्हणून त्याच्या डोक्यावर धातूचा ठोकळा आणि पंखा बसवतात, आणि दोघांमधली केसाएवढी फट भरायला ही पांढरी पेस्ट लागते. तांदळाच्या दाण्याएवढी. नळीभर नाही.

"मग चालू झालं नाही, तेव्हा काय केलंत?"

"पंख्याखालचा चौकोनी तुकडा उचलून पाहिला. खाली पण थोडी गेली होती. पुसून परत बसवला."

"कशाने पुसलात?"

"बाहीने."

तिने वायर काढली, मागचं बटण दोनदा दाबून उरलीसुरली वीज उतरवली, आतली नाण्याएवढी बॅटरी काढून ठेवली, आणि अंगातली वीज उतरावी म्हणून नळाच्या लोखंडाला हात लावून मग मदरबोर्ड बाहेर घेतला. ठोकळा ओढून काढला नाही. डावीकडे उजवीकडे हलकेच फिरवत सैल केला. चिकट पेस्ट धरून ठेवते, आणि हिसका दिला की प्रोसेसर सोबत उपटून येतो. ठोकळा निघाल्यावर तिने कडी सोडवून प्रोसेसर उचलला आणि दिवा लावून बघितलं. पेस्ट चारही बाजूंनी ओघळली होती. प्रोसेसरच्या पोटाखालच्या सोनेरी ठिपक्यांवर ती फासली गेली होती, आणि सॉकेटमध्ये, म्हणजे तो बसतो त्या खाचेत, जिथे केसाहून बारीक हजारएक काटे उभे असतात, तिथल्या एका कोपऱ्यात पांढरा चिखल बसला होता. त्यात म्हाताऱ्याच्या बाहीची लोकर.

मग तिने काम सुरू केलं, आणि ते बघणाऱ्याला वाटलं असतं की हिला जगात दुसरं काही सुचत नाही. तिच्या पिशवीत कापूस नव्हता. कापसाचे तंतू काट्यांत अडकतात, त्यामुळे ती तो जवळपासही येऊ देत नसे. तिच्याकडे शंभरदा धुतलेल्या रेशमी ओढणीचे चौकोन होते. आधी कोरड्या चौकोनाने वरची जाड पेस्ट उचलली. घासली नाही, उचलली, कडेकडून मध्याकडे, म्हणजे घाण बाहेर पसरत नाही. एक चौकोन एकदाच. मग स्वतःच्या कुपीतल्या शुद्ध स्पिरिटचे थेंब कापडावर घेऊन, प्रोसेसरवर न ओतता, ठिपक्यांवरून एकाच दिशेने हात फिरवला. कापड पांढरं होत होतं, ती नवं घेत होती. चौदा चौकोन संपले तेव्हा पोटाखालचं सोनं लखलखीत झालं. तिची तीन बोटं उंचीची कुपीही संपली.

"बाइके, डबा आणा."

शार्शेन डबा घेऊन आले, पण दारातच थांबले. सॉकेटला कापड लावता येत नाही; काटा वाकला की मदरबोर्ड गेला. तिथे स्पिरिट थेंबथेंब सोडायचं, बोर्ड तिरका धरायचा, पेस्ट सुटून दुधासारखी कडेला वाहू द्यायची आणि तिथे कापडाच्या टोकाने टिपून घ्यायची. त्याला स्पिरिट पुष्कळ लागतं. तिने डब्याचं झाकण उघडून वास घेतला. वास होता, पण हलका. तिने मान वर केली.

"चमचा द्या एक. आणि काडेपेटी."

तिने चमचाभर स्पिरिट पेटवलं. निळी ज्योत आली, थोडा वेळ नाचली आणि विझली. चमच्यात अर्ध्याहून जास्त पाणी उरलं होतं. दोघांनीही ते बघितलं.

"हे काय आहे?" उलकान हळू आवाजात म्हणाली.

"हिवाळा मोठा असतो एजे." म्हातारा जमिनीकडे बघत होता. "यंत्रांवरचा बर्फ काढायला देतात ते. तपासणीवाला येतो, डब्याची पातळी मोजतो आणि सही करतो. प्यालो की तेवढं पाणी घालायचो. सगळ्याच चौक्यांवर घालतात. कोण कुठे चमचा पेटवून बघतो?"

"दुसरं काही आहे? औषधाच्या पेटीत? लायटरचं पेट्रोल?"

"नाही."

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आयुष्यात पहिल्यांदा तिला एका म्हाताऱ्या माणसाला मारावंसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही. शुद्ध स्पिरिट पाच मिनिटांत उडून जातं. पाणी राहतं, काट्यांच्या मुळाशी, सॉकेटच्या पोटात, डोळ्यांना न दिसता. वीज सोडली की ते एक काटा दुसऱ्याला जोडतं आणि संपतं सगळं. नवा बोर्ड राजधानीतून यायला पंधरा दिवस. पंधरा दिवस सत्तर घरांवर भोंगा नाही, आणि वर हे ऊन.

पण पेस्ट तर काढायलाच हवी होती. तिने डब्यातलंच घेतलं. तिरका बोर्ड, थेंब, दूध, टिपणं. पुन्हा थेंब. लोकरीचे तंतू बारीक चिमट्याने एकेक करून वेचले, भिंगाखाली, श्वास रोखून. दोन काटे वाकले होते. सुईच्या टोकाने ते ओळीत आणायला तिला वीस मिनिटं लागली. म्हातारा चहा घेऊन आला आणि तसाच परत गेला. अडीच वाजता सॉकेट स्वच्छ होतं. स्वच्छ आणि ओलं.

तिने बोर्ड सावलीत, वारा येतो अशा खिडकीत उभा ठेवला, खाली रेशमाचा चौकोन अंथरला. केस वाळवायचं यंत्र चालवायला चौकीत तेवढी वीज नव्हती.

"किती वेळ?" शार्शेननी विचारलं.

"एक तास. त्याआधी नाही."

"एजे, पट्टीवर काल संध्याकाळी मी स्वतः जाऊन बघून आलो. धोक्याची खूण बुडायला हातभर राहिलं होतं."

"मग काय करू?" ती उसळली. "चालू करू ओलं? जळलं तर तुम्ही जाणार आहात का घरोघरी भोंगा वाजवत?"

म्हाताऱ्याने वायरलेसवर कचेरीला हाक मारली. पलीकडून तोच सकाळचा माणूस बोलला. आकडा द्या, म्हणाला. आकड्याशिवाय मी गाव उठवू शकत नाही, जूनमध्ये तुमच्याच तोंडी सांगण्यावरून उठवलं होतं, लोक रात्रभर टेकडीवर बसले आणि सकाळी मला शिव्या देत उतरले. उलकानने माईक हिसकावून घेतला आणि सांगितलं, माझी लेक आहे तिथे, बाळंतीण. तो म्हणाला, माझीही मावशी आहे एजे. आकडा द्या.

ती खिडकीपाशी स्टूल घेऊन बसली. बोर्डावर हिरवट उजेड पडला होता. वरून तो केव्हाच कोरडा दिसत होता. वीस मिनिटं झाली. चालव, असं तिचं सगळं अंग म्हणत होतं, आणि हात मांडीवरून उठत नव्हते. चाळीस वर्षं त्या हातांना एकच शिकवण मिळाली होती. दर वेळी ती बरोबर निघाली होती. शेकडो मशीनं तिने अशीच वाचवली होती, दारात पाय आपटणाऱ्या लोकांना ताटकळत ठेवून. ती घड्याळाकडे बघायची, मग खाली खिंडीच्या तोंडाकडे. सारी-तेरेकमधली झाडं तिथून हिरव्या ठिपक्याएवढी दिसतात. अजून चाळीस मिनिटं, ती स्वतःशी म्हणाली. अजून पस्तीस.

सव्वातीनला शार्शेन बाहेरून आत आले. चेहरा पांढरा.

"एजे, ऐक."

तिने कान दिला. काहीच ऐकू आलं नाही. आणि मग तिला कळलं, काय ऐकू येत नाहीये ते. ओढ्याचा आवाज नव्हता. दोनशे हात खाली ओले दगड चमकत होते, मधून दोरीएवढं पाणी. इतक्या उन्हात.

"वर कुठेतरी अडलंय," म्हातारा कुजबुजला. "दगडांनी ओढ्याची वाट बुजली की असं होतं. सुटलं की..."

ती त्याचं पुढचं ऐकायला थांबली नाही. पाऊणच तास झाला होता. तिने प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला, कडी लावली. रिकामी नळी अंगठ्याने पिळून उरलीसुरली पेस्ट काढली, तांदळाच्या दाण्याएवढी, मधोमध. ठोकळा, चार स्क्रू, आलटून पालटून, तिरपे. बॅटरी. वायर. मग ती एक क्षण थांबली आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळा राहिला, मग त्यावर अक्षरं आली. जळका वास आला नाही. काही झालं नाही. मशीन एखाद्या शहाण्या जनावरासारखं उठून उभं राहिलं आणि तळ्यावरच्या पट्टीने साठवून ठेवलेले आकडे एकेक करून मागून घेऊ लागलं.

"उतरतंय," उलकान म्हणाली. तिने पडद्यावर बोट ठेवलं. "बघा बाइके, पाणी उतरतंय तळ्याचं. दहा हात उतरलंय."

शार्शेन बाइके खुर्चीला धरून उभे होते. "एजे," ते म्हणाले, "तळ्याचं पाणी असं उतरत नाही. ते निघालंय."

त्याच वेळी पडद्याच्या कोपऱ्यातला दिवा लाल झाला. खाली भोंगा वाजत असल्याची खूण. तो आवाज चौकीवर पोचत नाही. त्यांनी फक्त दिवा बघितला, तीन वाजून बावीस मिनिटांनी. आणि आकड्यांच्या शेजारी वेळ लिहिलेली होती: पाणी उतरायला लागलं ते दोन वाजून पन्नास मिनिटांनी. उलकानने तो आकडा दोनदा वाचला. मशीन अडीचला चालू झालं असतं तर दोन पन्नासला भोंगा वाजला असता. शार्शेननीही तो वाचला, आणि तोंड फिरवलं.

मग वरून आवाज आला. आधी तो पायांना कळला, कानांना नंतर. चौकीचे पेले फळीवर किणकिणले. ओल्या मातीचा, फोडलेल्या दगडाचा वास आला, आणि खिंडीच्या वळणावरून तपकिरी भिंत निघाली, घराएवढे दगड डोक्यावर नाचवत, झाडं मुळांसकट उभीच वाहून नेत. ती चौकीच्या खालून गेली. जायला बराच वेळ लागला. उलकान भिंतीला टेकून उभी होती आणि मोठ्याने आकडे मोजत होती, कशाचे ते तिलाही ठाऊक नव्हतं.

रस्ता उरला नव्हता. तिलेक वरच्या कुरणात अडकला. उलकान आणि शार्शेन डोंगराच्या कडेकडेने, मेंढरांच्या वाटेने, साडेतीन तास चालून सारी-तेरेकच्या वरच्या टेकडीवर पोचले. ऊन अजून होतं. टेकडीवर गाव बसलं होतं. सगळे खाली बघत होते. वरची आळी नव्हती. तिथे ओल्या दगडांचं रुंद मैदान होतं आणि त्यातून वाफ येत होती.

चिनारा एका घोंगडीवर अनवाणी बसली होती, बाळ छातीशी. शेजारी तिचे सासरे, हातात काठी. उलकानने धावत जाऊन दोघींना मिठी मारली. तिला रडू आवरेना. बाळ तिने स्वतःकडे घेतलं, हुंगलं, पाय चाचपले. दोन्ही पाय गरम होते.

"साकीन आपा कुठेयत?"

चिनाराने खाली दगडांकडे बघितलं. "भोंगा वाजला तशी त्यांनीच मला उंबऱ्याबाहेर ढकललं," ती म्हणाली. "मी म्हटलं, तेहेतीसच झालेत. म्हणाल्या, चूप, चढ. इथे आणून बसवलं, घोंगडी दिली. मग त्यांना आठवलं, शेजारची म्हातारी बहिरी आहे. तिला भोंगा कुठून ऐकू येणार? बघून येते म्हणाल्या. तिच्या दाराशी पोचल्या होत्या, आई. मी वरून बघत होते."

सासऱ्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"दहा मिनिटं आधी वाजला असता ना," चिनारा म्हणाली. आवाजात आरोप नव्हता, नुसता हिशेब होता. "तर दोघी वर आल्या असत्या."

शार्शेन बाइके मागे उभे होते. त्यांनी टोपी काढली आणि तोंड उघडलं. कचेरीच्या कागदावर काय लिहिलं जाईल ते उलकानला माहीत होतं: मशीन बिघडलेलं होतं, दुरुस्त होताच भोंगा वाजला, गावातली बहुतेक सगळी माणसं वाचली. सगळं खरं. म्हाताऱ्याला तिने हाताने गप्प केलं.

"मशीन अडीचला तयार होतं," ती म्हणाली. "मी वाळायला ठेवलं होतं. पाऊण तास."

"का?"

"स्पिरिटमध्ये पाणी होतं. ओलं चालू केलं असतं तर जळलं असतं. मग भोंगाच वाजला नसता."

चिनारा आईकडे बघत राहिली. तिचे डोळे कोरडे होते. "नक्की जळलं असतं?"

खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. उलकानला तो शब्द जिभेवर जाणवला. म्हाताऱ्याने, सासऱ्यांनी, कुणीही तो तपासून पाहिला नसता.

"माहीत नाही," ती म्हणाली. "कदाचित नसतं जळलं."

चिनाराने मान हलवली, समजल्यासारखी. मग हात पुढे करून तिने आईच्या कुशीतून बाळ काढून घेतलं, घोंगडी उचलली, आणि चार पावलं पलीकडे, सासऱ्यांच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसली.